व्हायोलिन सुरू झालं की बोट वर

आमच्या घरात संगीतातलं कुणाला काही कळत नव्हतं. बाबा अमरावतीच्या कोर्टात वकील, आई मोर्शीकडची, आणि मी नन्सच्या शाळेत शिकलेली. शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता. दहा वर्षांत मी त्याच्यावरची धूळ दोनदा पुसली, एकदाही झाकण उघडलं नाही. उघडायला कुणी मनाई केली नव्हती.

तरी आमच्या बैठकीत पियानो आणि व्हायोलिनच्या रेकॉर्डींचे सात अल्बम होते. अकोल्याला कापूस खरेदी करणारी एक परदेशी पेढी होती. तिच्या मॅनेजरचं बंगल्याबद्दलचं भांडण बाबांनी कोर्टाबाहेर मिटवून दिलं होतं. कायमचा मायदेशी जाताना तो माणूस चावीचा ग्रामोफोन आणि हे अल्बम बाबांना देऊन गेला. फोटोंच्या अल्बमसारखे जाड पुठ्ठ्याचे अल्बम, आत तपकिरी कागदाची पाकिटं, प्रत्येक पाकिटात एक काळी, जड, पडली तर फुटणारी रेकॉर्ड. एका बाजूला चार मिनिटं मावत. अर्ध्या तासाची रचना ऐकायची तर सात-आठ वेळा उठावं लागे. ते उठणं माझ्याकडे होतं.

बाबांना हे तुकडे सोयीचे वाटत. चार मिनिटं ऐकायचं आणि मी रेकॉर्ड उलटून चावी देईपर्यंत बोलायचं. कोर्टात ते शुद्ध मराठी आणि खणखणीत इंग्रजी बोलत. घरी टोपी खुंटीवर गेली की वऱ्हाडी.

"पाह्य पोरी, हा व्हायोलिनवाला साक्षीदाराले आधी गोड गोड बोलून राहिला. आता पाह्य कसा कोंडते त्याले."

त्यांच्या मते व्हायोलिन आणि मागचा वाद्यवृंद यांच्यात उलटतपासणी चाले. पियानोवाला मात्र वकील नव्हता. "हा जज्ज आहे. त्याले घाई नाही. निकाल वाचून राहिला." शेवटच्या अल्बममध्ये पाच-सहा रेकॉर्डी जॅझच्या होत्या. एक अमेरिकन माणूस डाव्या हाताने ढांगा टाकल्यासारखे सूर वाजवायचा आणि उजव्या हाताने त्यावरून धावत सुटायचा. बाबा ते दोन मिनिटं ऐकत आणि म्हणत, "बंद कर. आमची बाररूम आहे हे. सगळेच बोलून राहिले, ऐकते कोण?"

स्वयंपाकघरातून आई विचारी, "सापडली का मांजर दारात?"

"व्हायोलिन आहे ते!"

"मी कुठं नाही म्हटलं? मांजर सोडवा आणि जेवाले या."

मला जॅझच्या त्या रेकॉर्डी आवडत. बाबा कोर्टात असताना मी त्या लावी, ग्रामोफोनच्या झडपा मिटून, अगदी जवळ बसून. आवडत म्हणजे काय, ते सांगणं कठीण आहे. आनंद होत नसे. एका माणसाची दहा बोटं इतकं काही करू शकतात, आणि ते सगळ्यांदेखत करण्याची त्याला लाज वाटत नाही, याचं मला भय वाटे. वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नव्हता. हा माणूस चार मिनिटं सतत हात वर करून होता.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबांनी पहिल्यांदा ग्रामोफोनला दोष दिला. व्हायोलिन पाठीमागे गेल्यासारखं वाटतं, म्हणाले. साउंडबॉक्स उघडून आतली अभ्रकाची चकती बदलून घेतली. सुयांची नवी डबी आणली. मग उन्हाने रेकॉर्डी वाकल्या असतील म्हणून मी त्या खालच्या फडताळात, गार फरशीजवळ ठेवल्या. पियानो ठीक होता. विशेषतः डावीकडचे जाड सूर. व्हायोलिन मात्र दर महिन्याला थोडं आणखी मागे सरकत होतं.

माझ्या कानांना ते जिथल्या तिथेच होतं.

जेवताना आई काही म्हणाली की बाबा "हं" म्हणत, आणि ते "हं" कधी कधी चुकीच्या जागी येई. आईला वाटे, लक्ष नाही. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला असं वाटणारच. आमच्याकडे भातकुलीचे एक मुन्शी होते. बाबांचे कागद तेच सांभाळत, आणि बाबांचा एकही शब्द त्यांच्या कानाआड जात नसे. ते एकदा ओसरीवर मला हळूच म्हणाले, "ताई, साहेबाईले आजकाल दोनदा सांगा लागते. तुमच्या ध्यानात आलं का नाई?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे माझं मलाच ठरवता आलं नाही.

वकिलाचे कान गेले तर उरतं काय? बाबांची सगळी ख्याती उलटतपासणीची होती. मोक्याचा प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं. साक्षीदाराला ती शांतता सोसत नाही, तो काहीतरी बोलतो, आणि जे बोलतो त्यात आपला दावा असतो, असं ते सांगत. आमचं घर त्या शांततेवर उभं होतं.

म्हणून एके दिवशी कोर्टातून आल्यावर ते म्हणाले, "पोरी, आपण एक प्रयोग करू. तू ती पहिली रेकॉर्ड लाव. व्हायोलिन सुरू झालं की मी बोट वर करतो. बरोबर आलं का नाही, ते तू सांगायचं."

पहिली रेकॉर्ड म्हणजे पहिल्या अल्बममधली व्हायोलिनची. सुरुवातीला बराच वेळ नुसता वाद्यवृंद, मग एकदम वरच्या पट्टीत एकटं व्हायोलिन. मी समोर स्टुलावर बसले. वाद्यवृंद संपत आला. व्हायोलिन सुरू झालं आणि बाबांचं बोट क्षणभराने वर गेलं.

"बरोबर?"

"बरोबर."

"मग काहून म्हणतात लोक, की याले ऐकू येत नाही?" असं कुणीच म्हटलं नव्हतं, निदान माझ्या देखत.

हा प्रयोग रोज होऊ लागला. पाचव्या-सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बाबांची नजर ग्रामोफोनवर नसते, खाली फरशीकडे असते. माझ्या पायांकडे. व्हायोलिन सुरू होताना माझ्या पायाची बोटं आखडत. मला ते माहीत नव्हतं, पण साक्षीदारांचे हातपाय वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला ते दिसलं होतं. तो माणूस हे जाणूनबुजून करत होता की त्याचे डोळे त्याला न विचारता करत होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाय साडीत ओढून घेतले. व्हायोलिन सुरू झालं. चाललं. बोट गुडघ्यावरच होतं. बाबांच्या चेहऱ्यावर एक विनवणी आली. त्यांच्या चेहऱ्यावर मी ती कधी पाहिली नव्हती आणि मला ती बघायची नव्हती. मी पाऊल बाहेर काढलं आणि अंगठा हलवला.

बोट वर गेलं.

"बरोबर?"

"बरोबर, बाबा."

त्यानंतर मी रोज अंगठा हलवला. त्यात प्रेम किती होतं आणि भेकडपणा किती, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. नागपूरला कानाचे डॉक्टर होते. मुन्शींनी एकदा त्यांचं नाव काढलं तर बाबा हसून म्हणाले, "माह्या पोरीले विचारा. रोज परीक्षा घेते माही." मुन्शींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी आणायला आत गेले.

मग तो रविवार आला. मी सगळ्या रेकॉर्डी ओल्या मलमलीने पुसायला काढल्या होत्या. मधेच आईने हाक मारली, मी घाईघाईने त्या पाकिटांत सरकवल्या आणि गेले. संध्याकाळी पहिल्या पाकिटातली रेकॉर्ड न पाहताच लावली. त्या दिवशी बाबांनी पाठ टेकून डोळे मिटले होते. माझ्या पायांचा काही उपयोग नव्हता.

सुई टेकली आणि जॅझचा पियानो सुरू झाला.

मी उठलेच. पण बाबांचा हात हवेत होता आणि तो वाद्यवृंदाचा ताल धरत होता. सावकाश, भारदस्त. पियानोवाला त्याच्या ढांगा टाकत होता आणि बाबांचा हात त्याच्यापासून मैलभर दूर, दुसऱ्याच रचनेतून चालला होता. मी उभीच राहिले. बरोबर जिथे व्हायोलिन यायचं तिथे बोट वर गेलं. ते बोट मग सुरांबरोबर वर चढलं, थरथरलं, खाली आलं. रेकॉर्ड संपली, सुई आतल्या रेघेत खरखरत राहिली, तरी हात थोडा वेळ चालूच होता.

डोळे उघडून ते म्हणाले, "आज किती स्वच्छ वाजवून राहिला तो. चकती बदलली त्याचा गुण आहे."

मी रेकॉर्ड काढून पाकिटात ठेवली. त्या क्षणी सांगितलं असतं तर फार काही बिघडलं नसतं. ते रागावले असते, जेवले नसते, आणि आठ दिवसांनी नागपूरच्या गाडीत बसले असते. मी म्हणाले, "हो बाबा."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी अकोल्याचा दावा घेतला. तिथल्या एका जिनिंग फॅक्टरीत तीन भाऊ भागीदार होते. धाकटा वारला होता. थोरले दोघे म्हणत, त्याला वेगळा वाटा कधी दिलाच नव्हता. त्याची बायको म्हणत होती, दिला होता, तोंडी वाटणी झाली होती. वाटणीच्या वेळी फॅक्टरीचे म्हातारे दिवाणजी खोलीत होते, असं तिचं सांगणं. दिवाणजी आता थोरल्या भावांच्या बाजूने साक्षीला उभे होते. बाईला अमरावतीच्याच वकिलाकडून त्यांची उलटतपासणी हवी होती.

बाबांची इच्छा होती की मी कायदा शिकावा. म्हणाले, चल, कोर्ट कसं असतं ते बघ. मी कधी नव्हे ती लगेच तयार झाले. आपण जवळ असलो तर बरं, असं काहीसं मनात होतं. गाडीत मुन्शी म्हणाले, "ताई, तुमी काहून येऊन राहिल्या उन्हातान्हात? अकोल्यात पाह्यासारखं काय आहे? ऊन आहे. ते तर आपल्या गावातबी आहे."

"कोर्ट बघायला."

"कोर्ट? बाप्पा! त्यापेक्षा ऊन बरं."

कोर्टाच्या खोलीत मी शेवटच्या बाकावर बसले. बाबा माझ्याकडे पाठ करून उभे होते, आणि मला पहिल्यांदा दिसलं की ते किती देखणे दिसतात. त्यांनी दिवाणजींना इकडचं तिकडचं विचारलं, फॅक्टरीचं, भावांच्या वडिलांचं. म्हातारा सैलावला. बाबा बोलले की त्यांचा आवाज खोलीभर जाई. दिवाणजींचं उत्तर आलं की बाबा थोडे पुढे झुकत. मग तो प्रश्न आला.

"वाटणी ठरली तेव्हा तुम्ही त्या खोलीत हजर होता. होता की नाही?"

बाबा गप्प झाले. खोली गप्प झाली. दिवाणजींनी थोरल्या भावांकडे पाहिलं, मग त्या बाईकडे, मग मान खाली घातली आणि स्वतःच्या जोड्यांना सांगावं तसं म्हणाले, "होतो."

मला शेवटच्या बाकावर ऐकू आलं. माझ्या पायांची बोटं चपलेत आखडली. बाबांची पाठ हलली नाही. ते अजून वाट पाहत होते. त्यांची ती प्रसिद्ध शांतता चालूच होती, आणि तिच्यात उत्तर येऊन गेलं होतं. मग म्हाताऱ्याला डिवचायला त्यांनी खोलीकडे हात पसरून टोमणा मारला, "बोलत नाही! म्हणजे नव्हतेच तिथे, असंच समजायचं ना?"

म्हाताऱ्याने मान वर केली. काय घडलं ते त्याला कळायला एक क्षण लागला.

"नव्हतो," तो मोठ्याने म्हणाला.

हे बाबांना ऐकू आलं. मुन्शी मागून त्यांचा कोट ओढत होते. जज्जसाहेब लिहिता लिहिता, मान वर न करता म्हणाले, "वकीलसाहेब, याआधी ते काय म्हणाले?" त्यांचं बोलणं चालू असतानाच बाबा पुढचा प्रश्न विचारत होते. समोरचे वकील उठले आणि हसू दाबत म्हणाले, "साक्षीदार नव्हतो म्हणालाय, तेवढं नोंदवून घ्यावं."

मी उभी राहू शकले असते. बायकांनी कोर्टात ओरडू नये, असा कायदा नसेल. फार तर शिपायाने बाहेर काढलं असतं. मी बसून राहिले आणि मांडीवरच्या रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली.

बाहेर व्हरांड्यात ती बाई बाबांसमोर येऊन उभी राहिली. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, आवाज बसलेला. "वकीलसाहेब, तो तर हो म्हणला होता. आधी हो म्हणला होता ना तो!"

बाबांनी तिचा चेहरा पाहिला. रडवेल्या पक्षकाराला जे सांगतात ते सांगितलं, "काळजी करू नका बाई. होते सगळं."

ती माझ्याकडे वळली. "तुमीनं ऐकलं ना, बाई?"

मी हो म्हणाले. इतक्या हळू की तिलाही दोनदा विचारावं लागलं.

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर मुन्शींनी एका कोऱ्या वकालतनाम्याच्या पाठीवर पेन्सिलीने दिवाणजींचं पहिलं उत्तर लिहिलं आणि कागद बाबांच्या हातात दिला. बाबांनी चष्मा काढून पुसला, वाचलं, पुन्हा वाचलं.

"तू ऐकलं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"शेवटच्या बाकावरून?"

"हो."

"हे आज झालं का आधीपासून आहे?" मी रुळांकडे पाहिलं, पण तो साक्षीदारांचे चेहरे वाचणारा माणूस होता. "किती दिवसांपासून माहीत आहे तुले?"

मग मी सांगितलं. अंगठ्याचं, जॅझच्या रेकॉर्डचं, हवेतल्या हाताचं. त्यांना ऐकू यावं म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. शाळेत कविता म्हणताना जिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत जात नसे, ती मी फलाटावर ओरडत होते आणि माणसं थांबून बघत होती. मधेच एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग मी उरलेलं सांगितलं.

"काहून नाही सांगितलं?" एवढंच ते म्हणाले. रागाने नाही. खरोखर माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. गाडी आल्यावर ते आधी चढले आणि खिडकीकडे तोंड करून बसले. मुन्शींनी डबा उघडून पुढे केला, "साहेब, दोन घास घ्या ना बाप्पा." साहेबांनी पाहिलं नाही.

बाई दावा हरली. ती तशीही हरली असती, असं मुन्शी मला बरं वाटावं म्हणून म्हणत. तेही पुढे दुसऱ्या वकिलाकडे लागले. दिवाळीला येत, ओसरीवर बसत, बाबांशी खुणांनी बोलत, आणि जाताना डोळे पुसत. त्यांना दुसरीकडे जावंच लागलं, कारण बाबांनी अकोल्याहून आल्यावर काळा कोट घातला नाही. मला कायदा शिकवण्याची गोष्टही पुन्हा कुणी काढली नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या नसा वाळत चालल्या आहेत, वर्षभर आधी आला असतात तरी फार फरक पडला असता असं नाही. फार, म्हणाले ते. थोडा पडला असता का, हे विचारायला मी तोंड उघडलं नाही. त्यांनी एक यंत्र दिलं. खिशात ठेवायची काड्यापेटीहून मोठी पेटी, वायर, आणि कानात घालायचं बोंडूक. घरी आल्यावर बाबांनी ते लावलं, आपणहून बैठकीत येऊन बसले आणि म्हणाले, "लाव."

मी पहिल्या पाकिटातली रेकॉर्ड काढली. या वेळी लेबल दोनदा पाहिलं. सुई टेकवली. वाद्यवृंद सुरू झाला तसे बाबांचे खांदे कानांपर्यंत वर गेले. ते पेटीचं बटण पुढेमागे फिरवत राहिले. व्हायोलिन सुरू झालं. बोट गुडघ्यावरच राहिलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, जसं कुणी पत्र्यावर खिळा ओढतंय.

"हे ते नाही," ते म्हणाले.

"तेच आहे, बाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्टात ते असं बघत असतील. "दुसरी लावली का तू?"

मी रेकॉर्ड थांबवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून लेबल वाचलं. दुसरी बाजू वाचली. पुन्हा पहिली वाचली. "असं," म्हणाले, आणि कानातलं बोंडूक काढून वायर पेटीभोवती गुंडाळली. आईने ती पेटी कपाटात ठेवली. अजून तिथेच आहे.

मी आता माझ्याच शाळेत इंग्रजी शिकवते. घरी जे काही बोलायचं ते ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे गल्लीला आमचं सगळं माहीत असतं: भाजी कोणती, माझ्यासाठी आलेलं कुठलं स्थळ का परत गेलं. बरंचसं मी बोलतच नाही. बाबा मला काही विचारत नाहीत. विचारलं तरी माझं उत्तर खरं धरून चालत नाहीत. आईकडे बघून खात्री करून घेतात. पाऊस थांबला का, एवढ्याशा गोष्टीचीसुद्धा.

आई देवळात गेली की कधीतरी मी एखादी बाजू लावते. पूर्वीसारखं नुसतं ऐकता येत नाही. मी वाट पाहत बसते, व्हायोलिन कधी सुरू होतं त्याची, आणि ते सुरू झाल्यावर काय करायचं ते मला माहीत नसतं. परवा अशीच बसले होते. आतून बाबा आले. मी चटकन उठून ग्रामोफोनच्या पुढे उभी राहिले, फिरणारी तबकडी त्यांना दिसू नये म्हणून. ते खुर्चीत बसले आणि बोलू लागले. स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नसल्याने ते फार मोठ्याने बोलतात. यंदा संत्री आंबट निघाली, म्हणाले. नळ सकाळी उशिरा येतो, म्हणाले. माझ्या पाठीमागे रेकॉर्डमधला तो माणूस व्हायोलिन वाजवत होता, त्याच्या सगळ्यात अवघड जागेत होता, आणि बाबांचा आवाज त्याच्या सुरांवरून जात होता. मी सुई उचलायला वळले असते तर काहीतरी चालू होतं हे त्यांना कळलं असतं. मी वळले नाही. हसून मान हलवत राहिले, बाजू संपेपर्यंत.